दयाराम सरांच्या घरातला बर्फ

दयाराम सरांचं एक मत होतं. अमडापुरात मतांना तोटा नाही, बसस्टँडवर जरा वेळ उभं राहिलं तरी दोन-चार अंगावर येतात. पण सरांचं मत थेट चिखलीपर्यंत पोचलेलं होतं. तिथल्या रसिक मंडळात ते दरवर्षी व्याख्यान देत. व्याख्यानाचं नाव दरवर्षी बदलायचं, मजकूर तोच असायचा. थोर चित्रपट, त्यातही परदेशी, पुन्हा बनवू नयेत. बनवणारा माणूस कलेचा मारेकरी समजावा. 'मारेकरी' हा शब्द आला की सर टेबलावर मूठ आपटत, त्यामुळे मंडळाचे सचिव पाण्याचा ग्लास आधीच उचलून हातात धरून बसत.

या मताच्या मुळाशी एक बटाटा होता.

सर चित्रकलेचे शिक्षक म्हणून रिटायर झालेले. ऐन उमेदीत, नागपूरला चित्रकलेचा कोर्स करताना, त्यांनी एका हॉलमध्ये लाकडी बाकावर बसून एक परदेशी चित्रपट पाहिला होता. काळापांढरा, कुठल्या तरी थंड देशातला. देशाचं नाव सर ठामपणे सांगत, फक्त दरवेळी वेगळं. गोष्ट एवढीच: एक म्हातारा घड्याळजी आणि त्याची बायको. दोघांत अबोला. बाहेर बर्फ पडायला लागतो, दारं-खिडक्या बुजून जातात, आणि ही दोघं एका खोलीत, एका शेगडीपाशी अडकतात. तरी बोलत नाहीत. शेवटी ती एक बटाटा उकडते, त्याचे दोन भाग करते आणि नवऱ्याकडे न बघता मोठा भाग त्याच्यापुढे सरकवते. संपला चित्रपट. "सगळा सिनेमा त्या बटाट्यात आहे," असं सर म्हणत; त्याला ते 'क्षमेचं महाकाव्य' ठरवत. सिनेमाबद्दल बोलताना ते पुस्तकातली भाषा वापरत. वऱ्हाडी बाकीच्या आयुष्यासाठी होती.

हा बटाटा अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकलेला. पाहुण्यांपुढे ऐकला, एसटीत ऐकला, बाळंतपणात दवाखान्याच्या खाटेवर ऐकला. प्रत्येक वेळी त्या "हाव का?" म्हणत आणि हातातलं निवडणं-टिपणं पुढे चालू ठेवत. चिखलीत सरांना टाळ्या मिळत, पण घरचं माणूस अजून त्या बटाट्याच्या बाहेरच होतं. सरांची आयुष्यात फार मागणी नव्हती. बाईंनी तो प्रसंग एकदा बघावा आणि त्यांचे डोळे भरून यावेत, बस्स. संसार सुखाचा झाला होता, मुलं शिकली होती. हे एवढंच राहिलं होतं.

आणि माघात त्यांची मुलगी सारिका, बुलडाण्याला नोकरी करणारी, सुट्टीत घरी आली आणि तिने तो चित्रपट इंटरनेटवर शोधून काढला.

त्या दिवशी सरांनी दाढी केली. बाईंना खुर्चीवर बसवलं, पंखा त्यांच्या बाजूला वळवला. टीव्हीवर तो काळापांढरा बर्फ पडायला लागला. अडचण एकच होती: पात्रं त्यांच्या भाषेत बोलत, खाली इंग्रजी अक्षरं पळत, आणि सर मध्येच थांबवून मराठीत सांगत. सांगता सांगता कॅमेऱ्याचा कोन सांगत, उजेड कुठून येतो ते सांगत, मग मागे नेऊन पुन्हा दाखवत. घड्याळजीने टोपी काढून खुंटीला अडकवेपर्यंत दूधवाला येऊन गेला. बटाटा उकडत ठेवला जात असताना सरांनी मोठ्या आशेने शेजारी पाहिलं, तर खुर्ची रिकामी. बाई मागच्या अंगणात वाळवणाला राखण बसल्या होत्या.

"अगं, बटाटा आला!" सर ओरडले.

"तुम्ही पाहा," मागून उत्तर आलं. "मले तं नुसता बर्फच दिसून राह्यला. माणसंच नाई दिसत त्याच्यात. आपल्याइकडचं असतं तं पाह्यलं असतं."

सरांनी टीव्ही बंद केला. ते जेवले नाहीत असं म्हणायला छान वाटलं असतं, पण जेवले. फक्त वरणाला काही बोलले नाहीत. सारिकाला ते बघवेना. ती म्हणाली, "बाबा, आपण आईसाठी आपल्याइकडचा बनवू. माह्या मोबाईलवर. कोणाले सांगायचं नाई, फक्त घरात."

सरांची मूठ आपोआप उचलली गेली, पण टेबल लांब होतं. त्यांनी तत्त्व सांगितलं, कलेचं पावित्र्य सांगितलं, मारेकऱ्यापर्यंत आले. मग मागच्या अंगणातल्या पाठमोऱ्या बाईंकडे त्यांची नजर गेली आणि ते म्हणाले, "एका अटीवर. मूळ चित्रपटातलं एकही दृश्य बदलायचं नाही. जसंच्या तसं."

ही अट दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत टिकली.

पहिला प्रश्न बर्फाचा. अमडापुरात गारा पडतात, त्या पीक झोडपून जातात. बर्फ ही वस्तू शेजाऱ्यांनी फक्त रसवंतीवर पाहिलेली. घरातली गोष्ट घरात ठेवायची म्हणून सारिकाने ती फक्त समोरच्या सिंधूताईंना सांगितली, त्यामुळे दुपारपर्यंत सल्ले यायला लागले. कोणी साबणाचा फेस सुचवला, कोणी थर्माकोल, कोणी मीठ. एका माजी विद्यार्थ्याने रवा सुचवला आणि स्वतःच म्हणाला की मुंग्या लागतील. सर प्रत्येकाला थंडपणे सांगत, "बर्फ हा त्या चित्रपटाचा आत्मा आहे," आणि लोक विचारत, "मंग किती लागन?"

शेवटी अन्नपूर्णाबाईच सहज बोलून गेल्या. "उत्तमरावच्या घरी जाऊन पाहा ना. त्याची माणसं कापसानं अशीच कोंडून राह्यली."

हे मात्र खरं होतं. मागच्या गल्लीतले उत्तमराव दरवर्षी कापूस घरात भरून ठेवत आणि भाव वर गेल्याशिवाय एक बोंडसुद्धा बाहेर काढत नसत. आधी कोठीची खोली भरे, मग देवघरापुढची, मग पलंगाखालची जागा. यंदा भाव काही हलत नव्हता, त्यामुळे उत्तमराव आणि त्यांची बायको गोजरबाई स्वयंपाकघरात झोपत होते आणि टीव्ही दारातून बघत होते. सरांनी तिथे जाऊन ती पांढरी रास पाहिली, अर्धी खिडकी बुजलेली, दाराला कापूस टेकलेला, आणि त्यांच्यातल्या चित्रकाराला घाम फुटला. घड्याळजीची खोली होती ती, हुबेहूब!

चित्रीकरणाला मात्र तिथे जागाच नव्हती. थोडा कापूस सरांच्या घरी न्यावा लागणार होता.

"न्या ना," उत्तमराव उदारपणे म्हणाले. "फक्त मले पार्ट पाह्यजे. हिरोचा."

"हिरो मी आहे, आणि त्याची बायको माझी मंडळी होणार आहेत," सर म्हणाले.

उत्तमराव चपापले. "अरे बापा. वहिनी हायेत का? मंग नको. लोक काय म्हणतीन. हिरोच्या खालचा द्या."

हिरोच्या खालचा माणूस त्या चित्रपटात नव्हता; दोनच माणसं हाच त्याचा मोठेपणा होता. पण बर्फ उत्तमरावांचा होता. तेव्हा असं ठरलं की बुजलेल्या खिडकीतून एक शेजारी अधूनमधून डोकावेल. बर्फाने बुजलेल्या खिडकीतून शेजारी कसा डोकावतो, हा प्रश्न सरांनी गिळला.

गोजरबाईंच्या अटी वेगळ्या होत्या. कापूस म्हणजे लक्ष्मी. शुक्रवारी घराबाहेर जाणार नाही, दिवेलागणीनंतर जाणार नाही, आणि त्याच्यावर चप्पल-बूट घालून कोणी पाय देणार नाही. "आन् मी त्याच्यापाशी बसून राहीन. माह्या डोळ्यापुढं पाह्यजे." सरांचा लक्ष्मीवर विश्वास नव्हता, पण दुसऱ्याच्या मालाच्या राखणीवर होता. त्यांनी मान डोलावली. अशा रीतीने, जाड बूट घालून बर्फ तुडवणाऱ्या घड्याळजीचा अनवाणी माणूस झाला आणि दोन माणसांच्या त्या एकाकी खोलीच्या कोपऱ्यात, डोक्यावर पदर घेतलेली, मांडी घालून बसलेली एक तिसरी बाई कायमची आली.

"ह्या कोण दाखवायच्या?" सारिकाने विचारलं.

"त्याची बहीण समज," सर म्हणाले. आवाज खोल गेला होता.

गुरुवारी सकाळी उत्तमरावांच्या ट्रॅक्टरने कापूस निघाला. गल्लीतून वळला, चौकातून गेला आणि सरांच्या दारात उतरला. वाटेत तीन माणसांनी तो पाहिला. खरं तर एकाने पाहिला असता तरी पुरे होतं.

कारण उत्तमरावांचा कापूस घराबाहेर पडणं ही गावात साधी बाब नव्हती. भाव कधी वाढणार हे व्यापाऱ्याला कळत नाही, टीव्हीला कळत नाही, पण उत्तमरावांना कळतं, अशी अमडापूरची पक्की समजूत होती. त्यांचं दार बंद म्हणजे गाव बंद. आज दार उघडलं! फोन फिरले. भाव फुटला, पण कुठे फुटला? माल गेला कुठे? दयाराम सरांच्या घरी. सरांच्या घरी काऊन? त्यावर कोणीतरी पुरवणी जोडली: सर रिटायर झाले, मुलगी नोकरीला, घर मोठं, सरांनी खरेदी सुरू केली.

इकडे सरांच्या घरात बर्फ पसरणं चालू होतं. उत्तमरावांच्या कापसात पाला होता आणि परदेशी बर्फात पाला असणं सरांना मान्य नव्हतं, म्हणून ते चिमटीने एकेक काडी वेचत होते. घड्याळजीच्या ओव्हरकोटाचा प्रश्न मात्र सुटला होता. निवृत्तीच्या वेळी आणि चिखलीच्या मंडळात मिळालेल्या सत्काराच्या शाली कपाटात पडून होत्या. सारिकाने त्या एकावर एक गुंडाळून बाबांना टाचण्या लावल्या. फाल्गुन तोंडावर आला होता. सर शालींच्या आत उकडत होते आणि चेहऱ्यावर थंडी आणत होते. त्यात कापसाने खाज सुटली. साठवलेल्या कापसाची खाज ज्याला माहीत नाही त्याने तिच्याबद्दल बोलू नये. घड्याळजी गंभीरपणे घड्याळात बघतो या दृश्यात सरांनी डावा दंड, मान आणि पोटरी अशा क्रमाने खाजवलं.

"बाबा, नका ना खाजवू."

"तो अस्वस्थ आहे," सर म्हणाले. "अंतर्यामी."

बाईंना शेगडीपाशी बसवलं होतं. "मले करायचं काय?" त्यांनी विचारलं होतं, आणि सारिकाने "काही नाई, बसायचं" म्हटल्यावर त्या निश्चिंत झाल्या होत्या. खिडकीतून उत्तमराव डोकावले. त्यांना मुकाट डोकावायला सांगितलं होतं, पण पार्ट लहान असल्याची खंत होतीच. "ओ घड्याळवाले," ते खिडकीतून ओरडले, "बर्फ कवा हटन? यंदा तं कशालेच भाव नाई!"

"कट," सर म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. मग दुसऱ्याचा. मग हॉर्न.

सरांनी दार उघडलं. दारापासून चौकापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या गाडीवरच्या माणसाने अंगावर एवढ्या शाली घेतलेल्या सरांना पाहिलं, आदराने रामराम केला आणि विचारलं, "सर, काय भाव देऊन राह्यले?"

"कशाला?"

"कापसाले. तुम्ही घेऊन राह्यले ना?"

सरांनी मागे वळून पाहिलं. घर गुडघाभर कापसाने भरलेलं, त्यात उत्तमरावांची गोजरबाई राखण बसलेली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. "हा कापूस नाही," ते छाती काढून म्हणाले. "हा बर्फ आहे."

रांगेतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "भाव फोडायचा नाई म्हणून बोलून राह्यले." आणि गाड्या आणखी पुढे सरकल्या.

दुपारी बाजार समितीकडून राजकुमार साहेब मोटारसायकलवर आले. तरुण माणूस, पण कपाळावर आठ्या मोठ्या माणसाच्या. गावात राहत्या घरी विनापरवाना कापूस खरेदी चालू आहे, अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती.

"खरेदीचा परवाना दाखवा."

"परवाना नाही. कारण खरेदी नाही. हे चित्रीकरण आहे."

"मंग चित्रीकरणाची परवानगी दाखवा."

सर ग्रामपंचायतीत गेले. तिथे सांगितलं की लग्नाच्या मांडवाची, मिरवणुकीची, बोअरची परवानगी देता येते. घरातल्या घरात बर्फ पाडायची परवानगी कोणी मागितलेली नाही, त्यामुळे ती कशी देतात हे बघावं लागेल आणि जे बघणार ते मोताळ्याला लग्नाला गेलेत. सर अंगावरच्या शालींसह गेले तसेच परत आले. वाटेत चिखलीच्या सचिवांचा फोन. "सर, आमच्या ग्रुपवर एक फोटो आलाय. तुम्ही परदेशी चित्रपटाचा रिमेक करताय असं लिहिलंय. आपण खंडन करू या का?" सरांनी आयुष्यात पहिल्यांदा रेंज गेल्याचं सोंग केलं.

परत येतात तो राजकुमार साहेब कापसावर टेकून बसलेले आणि दंड खाजवत असलेले. "सर, मी पण कापूसवाल्याच्याच घरचा हाये," ते म्हणाले. "मले याच्यात बर्फ दिसत नाई."

"व्यवहारात कापूस आहे, साहेब. कलेत बर्फ आहे."

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यात कलेसाठी जागा नव्हती. "असं करा," ते शेवटी म्हणाले, "माह्यापुढं करून दाखवा. खरंच पिक्चर असन तं मी लिहून देतो. नाई तं माल इथंच थांबन."

माल थांबणार म्हटल्यावर गोजरबाईंनी कोपऱ्यातून सरांकडे जे पाहिलं ते कुठल्याही भाषेत कळलं असतं. राहिलेलं दृश्य एकच होतं, शेवटचं. बटाट्याचं. ज्या दृश्याला जगात कोणी हात लावू नये म्हणून सर इतकी वर्षं टेबलं बडवत आले, ते आता बाजार समिती, गाड्यांची रांग आणि खिडकीत उत्तमराव यांच्यापुढे, शाली टाचून, अनवाणी करायचं होतं. त्यात बटाटे संपलेले. सकाळच्या सरावात दोन कुस्करले होते, उरलेले गोजरबाईंनी राखणीला बसल्या बसल्या खाल्ले होते.

"बटाट्याशिवाय होणार नाही," सर म्हणाले.

अन्नपूर्णाबाई इतका वेळ शेगडीपाशी बसून सगळं बघत होत्या. "उकडलेला बटाटा कोणी देते का माणसाले जेवाले?" त्या म्हणाल्या. "नवरा सकाळपासून उपाशी. बसा खाली."

त्यांनी परातीत पीठ घेतलं. कोणी 'चालू' म्हटलं नाही, पण सारिकाने मोबाईल धरलेला होता. ज्वारीची भाकरी थापण्याचा आवाज खोलीत भरला. बाहेरच्या ट्रॅक्टरवाल्यांनी एकेक करून इंजिनं बंद केली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भाकरी तव्यावर पडली, उलटली, निखाऱ्यावर फुगली. बाईंनी ती मोडली. कडेचा लहानसा तुकडा आपल्या ताटलीत वरणात बुडवून ठेवला, आणि बाकीची सगळी भाकर, सरांकडे न बघता, हाताने पुढे सरकवली.

सर पाठ केलेलं सगळं विसरले. घड्याळजी इथे काय करतो, कुठल्या खांद्यावरून बघतो, काही आठवेना. त्यांनी भाकरी घेतली आणि खाल्ली, कारण भूक लागली होती. खाता खाता डोळ्यांत पाणी आलं. ते कशामुळे आलं याचा तपास त्यांनी केला नाही.

राजकुमार साहेबांनी खाजवणं थांबवलं होतं. थोड्या वेळाने ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ठीक हाये. पिक्चर हाये." कागदावर त्यांनी 'घरगुती चित्रीकरण, खरेदी नाही' असं लिहून सही केली. मग दारातून मागे वळून जरा लाजत विचारलं, "वरण उरलं काय, बाई?"

बाहेरच्या गाडीवाल्यांना खरं काय ते साहेबांनीच सांगितलं. कोणी चिडेल म्हणून सर आत लपले होते, पण चिडलं कोणी नाही. ट्रॅक्टर घेऊन आलोच आहोत तर पिक्चर कधी दाखवता, एवढंच लोकांनी विचारलं.

तो विहारापुढच्या मोकळ्या जागेत, धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर दाखवला. फक्त घरात म्हणून केलेली वस्तू बघायला दुसरबीडहून उत्तमरावांचे व्याही आले होते. सर मागे, अंधारात, पळून जाता येईल अशा जागी उभे होते. एकेक दृश्य येत होतं आणि मूळ चित्रपटाशी त्याचं काही म्हणजे काही नातं उरलं नव्हतं. घड्याळजी खाजवत होता. उत्तमराव डोकावले की शिट्ट्या पडत होत्या. कोपऱ्यातल्या गोजरबाईंना बघून पोरं आयांना चिकटत होती. एक शब्द न बोलता त्यांनी सगळ्या चित्रपटावर दहशत बसवली होती. आणि मग भाकरी आली. शिट्ट्या थांबल्या. कोणीतरी पदराने नाक पुसल्याचा आवाज आला. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "दे माय, दे त्याले. उपाशी हाये."

सर अंधारात हात जोडून उभे राहिले. कोणाला जोडले, त्यांनाही नीट कळेना. उत्तमरावांना, गोजरबाईंना, त्या साहेबाला, इंजिनं बंद करणाऱ्यांना. नागपूरच्या त्या लाकडी बाकालासुद्धा असतील. माणसाला आयुष्यात एवढं मिळतं आणि आपण ग्लास बाजूला करायला लावून मुठी आपटत बसतो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला ते पुढे सरकले, तर त्या चादरीकडे बघून सारिकाला म्हणत होत्या, "मी एवढी जाड कवा झाली व?" डोळे कोरडे ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी कापूस परत गेला, झाडून झाडून. दुपारची वेळ. सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. एवढं सगळं करून जिच्यासाठी केलं तीच बाहेर राहिली, हा सल होता. पण तो त्यांनी मनात ठेवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात बाई हात पुसत आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"ते तिकडचं लावा बरं," त्या म्हणाल्या.

"कोणतं?"

"ते बर्फाचं. ती बाई कशी करते पाहू द्या. मी केलं तसं करते का."

सारिकाने लावलं. सर यावेळी एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची छाती नव्हती. खाली इंग्रजी पळत होतं, त्याकडे बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. त्या फक्त त्या परदेशी बाईकडे बघत होत्या, पुढे वाकून, जशी शेजारीण शेजारणीच्या स्वयंपाकघरात बघते. मध्येच "अगं, विझन ते" म्हणाल्या, तेव्हा शेगडी खरंच विझली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

बटाटा आला. दोन भाग झाले. मोठा भाग सरकला.

"दाढ दुखून राह्यली तिची," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"काय?"

"दाढ. सुरुवातीपासून गालाले हात लावून राह्यली, पाह्यलं नाई का? डोक्याले रुमाल बांधला तो थंडीचा नाई. चावता येत नाई तिले, म्हणून मोठं तुकडं त्याले देलं. आन् तो येडा खाऊन राह्यला. रुसली म्हणते तो तिले. एकदा तरी विचारलं का त्यानं, काऊन बोलत नाई म्हणून?"

सर ताडकन उठले. त्यांनी चित्रपट मागे नेला. पहिल्याच दृश्यात तिचा हात गालावर होता. टोपी खुंटीला अडकवताना होता. शेगडी पेटवताना होता. चाळीसेक वर्षांची व्याख्यानं, कॅमेऱ्याचा कोन, उजेड, क्षमेचं महाकाव्य, आणि त्या बाईचा सुजलेला गाल सरांनी कधी पाहिलाच नव्हता. सगळा सिनेमा बटाट्यात आहे म्हणणाऱ्याने बटाटाच पाहिला होता.

"हे तुले कसं समजलं?" त्यांनी विचारलं. पुस्तकातली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"मले नाई समजणार तं कोणाले समजन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या गालावर तळहात ठेवला.

सर बघत राहिले. गाल सुजलेला होता. सहज दिसत होता, दारातूनसुद्धा दिसला असता.

"कवापासून?"

"दिवाळी झाली तवापासून असन."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही बटाट्याचं सांगून राह्यले होते ना," बाई म्हणाल्या. रागाने नाही, जसं झालं तसं.

आज ना उद्या बाईंचे डोळे भरतील म्हणून सर इतकी वर्षं थांबले होते. भरले ते सरांचेच, आणि चांगले भरले. त्या थंड देशातल्या कोण कुठल्या बाईचे उपकार कसे फेडावेत त्यांना कळेना. उत्तमरावांचा कापूस घरात आला नसता, ती भाकरी सरकली नसती, तर आपली बायको त्या बाईशेजारी जाऊन बसली नसती आणि आपण मरेपर्यंत रुमालाला थंडीचा रुमाल समजत राहिलो असतो. चिखलीच्या मंडळाला आता काय सांगायचं हा प्रश्न होता, पण तो फार लहान वाटायला लागला.

ते बाईंपुढे खाली बसले. "लय दुखते का?"

"सहन होत होतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आता तुम्ही विचारलं, आता नाई होत."

आणि त्या रडायला लागल्या. सरांनी टीव्ही बंद केला आणि सारिकाला म्हणाले, "चिखलीच्या दातांच्या डॉक्टरचा नंबर पाह्य बरं लवकर."